कार्ल्सरूहचा न संपणारा सोमवार

जर्मनीतल्या कार्ल्सरूह शहरात २६ सप्टेंबर २०११ रोजी जो सोमवार उजाडला, तो अजून मावळलेला नाही. त्या दिवशी एक फोक्सवॅगन पसाट टपावर गरगर फिरणारं लेझर-यंत्र, पुढे कॅमेरे आणि पोटात संगणक असा सगळा संसार घेऊन गावात हिंडली आणि सेकंदाला दहा वेळा समोरचा रस्ता टिपत राहिली. पुढच्या काही दिवसांत आणखी फेऱ्या झाल्या. २०१२ साली ही सगळी नोंद ‘किट्टी’ या नावाने संशोधकांसाठी खुली झाली. तेव्हापासून "माझ्या प्रोग्रामला रस्ता समजतो" असं कोणी म्हणालं, की त्याला आधी कार्ल्सरूहला पाठवतात. मग तो बीजिंगचा असो, बंगळुरूचा असो की आमच्या हिंजवडीचा. तिथले सायकलवाले त्या आठवड्यात दूध-पाव आणायला बाहेर पडले असतील. जगभरचे संगणक त्यांना अजून घरी पोचू देत नाहीत.

त्यातली विद्यार्थ्यांची लाडकी फेरी, क्रमांक शून्य-शून्य, ३ ऑक्टोबरची आहे. तो जर्मन एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी. सणाच्या दिवशी रस्ता मोकळा मिळतो तेवढ्यात गाडी काढून यायची ही युक्ती जर्मनांनाही सुचली की काय, या शंकेनेच मला त्या देशाबद्दल जवळीक वाटू लागली.

मी पोटासाठी असलंच काम करतो. पुण्यातल्या बऱ्याच घरांतून हल्ली एक तरी माणूस ‘एडास’मध्ये असतो. पूर्वी तो बजाजमध्ये नाहीतर टेल्कोत असायचा आणि काय करतो ते आजीला सांगता यायचं. एडास म्हणजे पुढची गाडी अचानक थांबली तर आपणहून ब्रेक मारणारी, लेन सोडली की स्टिअरिंग थरथरवून जागं करणारी यंत्रणा. युरोपात २०२४ च्या जुलैपासून प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप ब्रेक मारण्याची सोय सक्तीची आहे. त्या सक्तीचा बराचसा घाम हिंजवडीत गळतो.

"म्हणजे तू गाड्या बनवतोस?" आजीने विचारलं.

"नाही."

"चालवतोस?"

"नाही. दुसऱ्यांनी चालवलेल्या बघतो."

आजीने विषय बदलला.

पण खरोखरच तेवढंच आहे. युरोपात कोणीतरी गाडी चालवतं. कॅमेरा, रडार, जीपीएस आणि गाडीच्या पोटातली ‘कॅन’ नावाची तारांची जोडी, या सगळ्यांचं बोलणं डिस्कवर उतरतं. कॅन ही बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे ठेवलेली सोय. चाकाचा वेग, स्टिअरिंगचा कोन, ब्रेकवरचा पाय, वायपर, जो तो आपली खबर तिच्यावरून सगळ्यांना ओरडून सांगत असतो. या सगळ्याचा मिळून होतो ‘लॉग’. दिवसभराच्या फेरीत कित्येक टेराबाइट भरतात. एवढा माल इंटरनेटवरून चढवत बसण्यापेक्षा डिस्क खोक्यात घालून कुरिअरने धाडणं लवकर होतं. थोडक्यात, जर्मनीचा रस्ता पुण्यात येतो तो बबल-रॅपमध्ये गुंडाळून.

खासगीपणाच्या कायद्यापायी लॉगमधल्या माणसांचे चेहरे आणि गाड्यांच्या नंबरपाट्या पुसलेल्या असतात. त्यामुळे मला श्टुटगार्टजवळचा एकेक लोखंडी कठडा पाठ आहे, पण त्या देशातल्या एकाही माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही. ड्रायव्हर मात्र आतून-बाहेरून ओळखीचा होतो. तो लेन बदलून झाल्यावर इंडिकेटर देतो. पावसाचे चार थेंब पडले की वायपर पूर्ण वेगात सोडतो. जेवणानंतरच्या तासाभरात त्याचं स्टिअरिंग किंचित डावीकडे ओढतं. त्याच्या बायकोला यातलं किती माहीत असेल, देव जाणे.

रात्री आम्ही घरी गेलो की सर्व्हरवर ‘नाइटली’ सुरू होते. नव्या सॉफ्टवेअरला जुने लॉग दाखवायचे, त्याने कुठे काय ठरवलं ते लिहून घ्यायचं आणि मागच्या आवृत्तीने नेमक्या त्याच जागी काय ठरवलं होतं त्याच्याशी ताडून बघायचं. सकाळी पडद्यावर निकाल हजर असतो. जुळलं तर हिरवं, नाही जुळलं तर लाल. बाहेरच्या माणसाला वाटतं, हिरवं म्हणजे बरोबर आणि लाल म्हणजे चूक. तसं असतं तर आम्हाला एवढा चहा लागला नसता. हिरव्याचा अर्थ ‘काल जे म्हणालो तेच आज म्हणतो’ इतकाच. काल चुकलो होतो आणि आजही इमानेइतबारे तसाच चुकलो, तर ते हिरवंगार.

लाल दिसलं की डेव्हलपरच्या टेबलाशी जायचं. तिथला संवाद साधारण असा होतो:

"अरे, त्या पावसातल्या सीनमध्ये तुझं नवं सॉफ्टवेअर अर्धा सेकंद आधी ब्रेक मारतंय."

"मग?"

"जुनं नंतर मारायचं."

"बरोबर. जुनं उशिरा मारायचं."

"उशिरा कशावरून?"

"नवं आधी मारतंय ना, त्यावरून."

यावर तर्कशास्त्रात काही उत्तर असेल. आमच्याकडे कॅन्टीन आहे.

हा घोळ जगभर असाच आहे, हे उघड्यावर बघायचं असेल तर ओपनपायलटकडे बघावं. अमेरिकेतल्या कॉमा डॉट एआय कंपनीचं हे सॉफ्टवेअर विकत घेतलेल्या साध्या गाडीला लेन धरून चालायला शिकवतं. २०१६ च्या ऑक्टोबरात तिथल्या वाहतूक-सुरक्षा खात्याचं चौकशीचं पत्र आलं, तेव्हा संस्थापक जॉर्ज हॉट्झ याने आपलं उपकरण बाजारात आणायचा बेतच रद्द केला आणि पुढच्या महिन्यात सगळा कोड जगाला फुकट वाटून टाकला. सरकारी पत्राला मुदतवाढ मागायची असते, हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

तर त्या कोडबरोबर ‘प्रोसेस रिप्ले’ नावाची चाचणी असते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांच्या मिनिट-मिनिटाच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. कोडची एक ओळ कोणी बदलली की सॉफ्टवेअरने पुन्हा त्या मिनिटांतून जायचं आणि बाहेर पडणारे संदेश जपून ठेवलेल्या उत्तराशी जुळवून दाखवायचे. फरक निघाला की नापास. आणि तो फरक मुद्दामच केलेला असेल तर? तर आजपासून हेच अधिकृत उत्तर, असं जाहीर करून मोकळं व्हायचं. आमच्या हापिसात याला ‘बेसलाइन अपडेट करणं’ म्हणतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की या धंद्यातलं सगळं चारित्र्य या एका बटणात साठलेलं आहे.

कारण बटण दाबायची वेळ येते ती शुक्रवारी संध्याकाळी. सोमवारी ग्राहकाला आवृत्ती द्यायची असते. पडद्यावर लाल ओळींचा ढीग असतो. पहिल्या काही ओळी सगळे मिळून गांभीर्याने बघतात, व्हिडिओ मागे-पुढे करतात, एक जण फळ्यावर आकृतीसुद्धा काढतो. त्यापुढच्या ओळींना नुसती व्हिडिओची झलक पुरते. मग कोणीतरी, बहुधा ज्याला मुंबईला जायचंय तो, म्हणतो, "हे सगळं त्या एकाच बदलामुळे दिसतंय." हे वाक्य म्हणजे सुटकेची घंटा. सगळ्यांवर एकदम खूण केली जाते आणि कारणाच्या रकान्यात ‘अपेक्षित बदल’ असं लिहिलं जातं. अपेक्षा कोणी केली होती, कधी केली होती, हे विचारणारा रकाना अजून कोणी काढलेला नाही. काढावा, असं मी प्रत्येक वार्षिक मूल्यमापनात सुचवतो. ‘सूचना चांगली आहे’ असा शेरा मिळतो.

लाल होण्यासाठी माणसाच्याच चुकीची गरज असते असंही नाही. संगणकाला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारा. तो सरळ चेहऱ्याने ०.३०००००००००००००००४ सांगतो. दशांश त्याला दोनच अंकांत मांडावे लागतात, त्यात हा चुरा उरतो. अशा तीन-चार संख्या उलट्या क्रमाने मिळवल्या की चुराही वेगळा. नवा प्रोसेसर आणला किंवा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर बदलला तर रातोरात शेकडो सीन लाल होतात, कारण पुढचा ट्रक काल जिथे होता तिथून केसाच्या हजाराव्या भागाइतका सरकलेला असतो. मग किती फरकाला फरक म्हणायचं नाही, यावर बैठक बसते. मर्यादा फार बारीक ठेवली तर रोज सकाळी लाल. ढिली ठेवली तर एखाद दिवशी ट्रकच त्या मर्यादेतून निसटून जाईल. या बैठकीत मी मोठमोठ्या अभियंत्यांना शून्यांच्या संख्येवरून आवाज चढवताना ऐकलं आहे.

आणि मग त्या ‘फ्लेकी’ चाचण्या. कोणी कशालाही हात लावलेला नसतो, तरी सोमवारी पास, मंगळवारी नापास, बुधवारी पुन्हा पास. आतली दोन-तीन कामं एकाच वेळी चाललेली असतात. रडारचा निरोप आधी पोचला की एक उत्तर, कॅमेऱ्याचा आधी पोचला की दुसरं. यावरचा शास्त्रशुद्ध इलाज म्हणजे दोन्ही निरोपांचा क्रम घट्ट बांधून टाकायचा. प्रचलित इलाज म्हणजे "परत चालव, होईल पास."

या सगळ्याच्या तळाशी खरी गोम वेगळीच आहे. लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट लावून आपण कितीही ओरडलो, "अरे, माळ घालू नकोस, अजून वेळ आहे," तरी नवरदेव माळ घालतोच. लॉगचं तसंच आहे. समजा, अडथळा साठ मीटरवर असतानाच नवं सॉफ्टवेअर "ब्रेक मार" म्हणालं. पण नोंदीतली गाडी त्या वर्षी चाळीस मीटरपर्यंत जोरात गेली होती, ती आजही जाणारच. सॉफ्टवेअर बघतं, आपण ब्रेक मारला आणि वेग तसूभर कमी झाला नाही. ते आणखी जोरात दाबतं. तरीही काही नाही. मग ते घाबरतं, जमेल तेवढे दिवे लावतं आणि अहवालात लिहून मोकळं होतं: ब्रेक निकामी. बिचाऱ्याने वेळेआधी शहाणपणा दाखवला, त्याची ही शिक्षा. म्हणून सॉफ्टवेअर जुन्या वाटेवरून जरा हललं की त्यापुढच्या नोंदीवर भरवसा ठेवायचा नाही, असा आमच्यात नियम आहे. अहवाल वाचणाऱ्या साहेबांना तो नियम दर तिमाहीला नव्याने सांगावा लागतो.

यावर उपाय म्हणून सिम्युलेशन असतं. तिथे ब्रेक मारला की गाडी थांबते. पण तिथला पादचारी गणिताने बनवलेला असतो, तो झेब्राच्या पट्ट्यांवरूनच जातो आणि मध्येच फोन आला म्हणून मागे फिरत नाही. म्हणून लॉग सुटत नाहीत. खोटं जग ब्रेकला दाद देतं, खरं जग देत नाही, आणि आम्ही दोन्हींची सरासरी काढून पगार घेतो.

लॉगचा आणखी एक दोष असा की त्यात जे रस्त्यावर आलं तेवढंच असतं. व्होल्वोने मोठे प्राणी ओळखणारी यंत्रणा स्वीडनमध्ये घोटवली. तिथे मूस नावाचं थोराड हरीण मधोमध येऊन उभं राहतं. मूस पाठ झाला. मग गाडी निघाली ऑस्ट्रेलियाला. यंत्रणा प्राण्याचं अंतर मोजायला जमिनीचा आधार घेते आणि कांगारूचा जमिनीशी संबंध हप्त्याहप्त्याने येतो. तो हवेत असला की दूर दिसायचा, टेकला की एकदम जवळ. २०१५ साली कंपनीची माणसं कॅनबेराजवळ कांगारूंचं चित्रण करत फिरली आणि २०१७ साली अडचण अजून सुटलेली नाही, अशा बातम्या आल्या. स्वीडनमधल्या सगळ्या नाइटली त्या काळात हिरव्या असल्या तरी मला नवल वाटणार नाही. मुसाने कधी उडी मारली नव्हती.

२०२१ साली अमेरिकेतल्या एका टेस्लावाल्याने चित्रफीत टाकली. समोर आकाशात पिवळसर चंद्र होता आणि गाडीला तो पिवळा सिग्नल वाटत होता. ही गाडी आपल्याकडे संकष्टीला बाहेर काढली तर काय होईल, या विचाराने मी अस्वस्थ झालो. चंद्रोदयाची वाट आपणही बघतो, पण हायवेवर वेग कमी करून नव्हे.

रस्ता मोकळा असताना गाडीने उगाच ब्रेक मारला की त्याला आम्ही ‘भुताचा ब्रेक’ म्हणतो. हा विनोद मागून जोरात येणाऱ्याला समजत नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या त्याच वाहतूक-सुरक्षा खात्याने ३५४ तक्रारींवरून टेस्लाच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची अशीच चौकशी सुरू केली. रडारचं दुखणं तर जुनंच. त्याला रस्त्यावरचा लोखंडी पूल आणि रस्त्यात थांबलेला ट्रक यांतला फरक नीट कळत नाही. पुलाला घाबरून थांबू नये म्हणून उभ्या वस्तूंकडे काणाडोळा करायला शिकवावं, तर थांबलेल्या ट्रककडेही काणाडोळा होतो. म्हणजे एका बाजूचं भूत उतरवलं की दुसऱ्या बाजूचं चढतं. लॉगवरच्या चाचणीचं खरं मोल मला इथे दिसतं. कुठल्या तरी पुलाखाली, कुठल्या तरी संध्याकाळी गाडी दचकली, त्याची नोंद एकदा संग्रहात आली की तिथून हलत नाही. दचकवणारा कोड लिहिणारा मुलगा नोकरी बदलतो, त्याचा साहेब बदलतो, कंपनी दुसऱ्या कंपनीच्या पोटात जाते, तरी प्रत्येक नव्या आवृत्तीला त्या पुलाखालून जावंच लागतं. आमच्या संग्रहातले गुळगुळीत, निर्विघ्न तास मला फुकट दिले तरी नकोत. असे फजितीचे दहा सेकंद द्या, त्यांच्यावर मी गाडीत बसायला तयार आहे.

आणि फजितीचा पुरवठा हवा असेल तर तो आपल्या देशात अखंड आहे. किट्टीमध्ये वस्तूंचे वर्ग बघा: मोटार, व्हॅन, ट्रक, पादचारी, बसलेली व्यक्ती, सायकलस्वार, ट्राम आणि इतर. बसलेल्या माणसाला स्वतंत्र वर्ग! याखेरीज ‘डोन्ट केअर’ असाही एक शिक्का आहे. लांबच्या, धड न दिसणाऱ्या वस्तूंवर तो मारतात. रिक्षा नाही, हातगाडी नाही, गाय नाही. हैदराबादच्या ट्रिपल-आयटीने इंटेलच्या साथीने २०१८ च्या सुमारास भारतीय रस्त्यांचा संग्रह केला, हैदराबाद-बंगळुरूकडच्या १८२ फेऱ्यांतून १०,००० चित्रांचा. त्यात वर्ग ३४ झाले आणि ऑटोरिक्षाला तिचं हक्काचं घर मिळालं. मला सर्वांत आवडला तो एक वर्ग: रस्ता नव्हे, पण तिथून गाडी जाऊ शकते अशी जागा. डांबराच्या कडेची माती, खडी, अर्धवट बुजवलेला चर. युरोपातल्या माणसाला हा वर्ग समजावून सांगायला अर्धा तास लागतो. आपण तिथूनच हापिसला जातो. मात्र त्याच यादीत फूटपाथ ‘जिथून गाडी जात नाही’ या गटात टाकला आहे. पुण्याच्या दुचाकीवाल्यांचा सल्ला घेतलेला दिसत नाही.

आमच्याकडेही देशी लॉग येऊ लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक सीन लाल झाला. चौकात चाळीसेक पादचारी, सगळे हात जोडलेले, सगळे हसरे, जमिनीपासून वीस फूट उंच. वाढदिवसाचा फ्लेक्स होता. जर्मन सहकाऱ्याने व्हिडिओ-कॉलवर विचारलं की ही माणसं रस्ता ओलांडणार आहेत का. आमच्या टीम लीडने सांगितलं, "सर, निवडणूक झाल्यावर दिसणारसुद्धा नाहीत." तो सीन संग्रहात कायम ठेवला आहे. दुसऱ्या एका लॉगमध्ये उलट दिशेने येणारा ट्रॅक्टर आहे. जुन्या सॉफ्टवेअरने तो ट्रॅक्टर नसून स्वतःचीच गणिताची चूक आहे, असा निष्कर्ष काढला होता, कारण त्या लेनमध्ये त्या दिशेने काही येणं त्याच्या शिक्षणात बसत नव्हतं. नवं सॉफ्टवेअर ब्रेक मारतं. फरक लाल दिसला. ही एक बेसलाइन मात्र आम्ही सगळ्यांनी उभं राहून अपडेट केली.

आता वीस लाखांच्या आतल्या गाड्यांतही एडास येतं, तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या दारात ते उभं असेलच. त्यांना एवढंच सांगणं. बहुतेक गाड्यांत काचेच्या वरच्या भागात, आरशाच्या मागे एक कॅमेरा असतो. काच बदलली तर तो पुन्हा कॅलिब्रेट करून घ्या, गॅरेजवाला "काही लागत नाही हो" म्हणाला तरी. गाडी कुठे उगाच दचकली तर जागा आणि वेळ टिपून सर्व्हिस सेंटरला कळवा. स्टिअरिंगवर हात असू द्या, कारण आजच्या या गाड्यांत जबाबदारी तुमचीच आहे आणि माहितीपुस्तिकेत तसं लिहिलेलंही असतं. आणि दसऱ्याला हार जरूर घाला, पण बॉनेटवर. कॅमेऱ्यासमोर नको. कार्ल्सरूहला दसरा नसतो आणि कॅमेऱ्याच्या अभ्यासक्रमात झेंडू बहुधा अजून आलेला नाही.